नाशिकात जुना फिल्म कॅमेरा: कुठे शोधायचा, कसा पारखायचा

अडीच हजारांच्या आत चालू स्थितीतला फिल्म कॅमेरा नाशिकच्या जुन्या बाजारात मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळतो, पण बाजारात कमी आणि लोकांच्या माळ्यावर जास्त.

गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात आणि भद्रकालीत चक्कर मारायला हरकत नाही. जुन्या सामानाची पथारी दिसली की मिक्सरच्या भांड्यांखाली, चार्जरच्या गुंत्यात हात घालून बघायचं. तिथे बहुतेक वेळा नव्वदच्या दशकातले प्लॅस्टिकचे कोडॅक केबी-१० निघतात, मधूनच एखादा आग्फा क्लिक थ्री. अंबड लिंक रोडच्या भंगारवाल्यांकडे वेळ घालवू नका, तो कारखान्यांच्या लोखंड-पत्र्याचा धंदा आहे. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथे माल भरपूर, पण तिथल्या विक्रेत्यांना ऑनलाइन भाव तोंडपाठ असतात.

खरा माल जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे आहे. लग्नाच्या ऑर्डरी डिजिटलवर गेल्या आणि याशिका, पेंटॅक्स कपाटात जाऊन बसले. पासपोर्ट फोटो काढायच्या निमित्ताने आत जा आणि सरळ विचारा, "काका, रोलचा एखादा कॅमेरा पडलाय का?" लगेच भाव विचारू नका. आधी त्यांना त्या कॅमेऱ्याबद्दल बोलू द्या. काही जण विकतच नाहीत, आणि त्यात काही गैर नाही. जे विकतात ते कॅमेऱ्यात काय बिघडलंय तेही सांगून टाकतात, पथारीवाला ते सांगत नाही.

आता तपासणी. मोबाइलचा टॉर्च पुरतो. मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) ठेवून बटण दाबून धरा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक) पूर्ण उघडा आणि लेन्समधून टॉर्च आरपार मारा. धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर चालेल, मधोमध पसरली असेल तर फुकटही नको. मूळ चामड्याच्या केसमध्ये वर्षानुवर्षं बंद असलेल्या कॅमेऱ्यात ती हमखास असते, कारण चामडं ओल धरून ठेवतं. त्यामुळे "केससकट आहे" म्हणून जास्त पैसे देऊ नका. मग शटर एका सेकंदावर, तो नसेल तर असेल त्या सर्वांत संथ स्पीडवर, ठेवून ऐका. शटरचा पडदा मध्येच अडकला तर दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या वर जाईल. झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झालेला असतोच, तो घरी बदलता येतो.

गोदाकाठच्या जुन्या वाड्यातून किंवा दुकानातून आलेला कॅमेरा असेल तर तळाचे स्क्रू बघा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिकडे पाणी कुठवर आलं होतं ते आपल्याला माहीत आहे. स्क्रू गंजलेले आणि फटीत बारीक गाळ दिसला की ठेवून द्या.

मॉडेलचं म्हणाल तर याशिका इलेक्ट्रो ३५ दिसला की थांबा. त्याचा मूळ पाऱ्याचा सेल बंद झालाय, पण सहा व्होल्टचा छोटा सेल जुगाडाने बसतो. सेल नसताना शटर फक्त १/५०० सेकंदाच्या स्पीडवर चालतं, म्हणून सेल खिशात घेऊनच जा. रशियन झेनिट-ई रणगाड्याइतका दणकट असतो. त्याचा प्रकाश मोजणारा मीटर मेलेला असला तरी कॅमेरा चालतो, आणि ५८ मिमीची हेलिऑस लेन्स सोबत असेल तर ती एकटीच पैसे वसूल करते. झोर्की, फेड हे लायकाच्या धर्तीवरचे सोव्हिएत कॅमेरे हातात आले तर आधी वाइंड करा (फिल्म पुढे सरकवा), मगच स्पीडची चकती फिरवा. उलट केलंत तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

आणि कोणी "लायका" (महागडा जर्मन कॅमेरा) म्हणून सोनेरी, गरुडाचं चिन्ह कोरलेला कॅमेरा पुढे केला तर लेन्स काढून आत वरच्या बाजूला बघा. खऱ्या लायकात तिथे छोटं गोल चाक असतं. निमुळती चपटी पट्टी दिसली तर तो नाव बदललेला फेड किंवा झोर्की. शोभेला घ्यायचा असेल तर घ्या, पण फेडच्याच भावात.

घेण्याआधी फिल्मचा साइज विचारा. ३५ मिमी आणि १२० चे रोल आजही मिळतात. क्लिक थ्रीला १२० लागतो, त्यात चौकोनी बारा फोटो. जुन्या कोडॅक ब्राउनींपैकी बऱ्याच ६२० वर चालतात. फिल्म १२० चीच, पण रीळ बारीक. अंधारात १२० ची फिल्म त्या रिळावर गुंडाळून घेता येते, म्हणून आत रिकामं रीळ आहे ना ते पाहा. नसेल तर ब्राउनी फक्त शोकेससाठी.

अडीच हजारांतले दीड हजारच कॅमेऱ्याला ठेवा. बाकीचे पहिला रोल आणि तो धुऊन स्कॅन करण्यातच जातील. पहिला रोल ब्लॅक अँड व्हाइटच टाका, तो घरी बाथरूममध्येही धुता येतो. कॅमेरा हाती लागला की लेन्समधून टॉर्च मारून काढलेला फोटो इथे टाका, बुरशी आहे की नुसती धूळ ते सांगतो.