१० बाय १० च्या रिकाम्या खोलीत खंडाळ्याच्या घाटाचं रेल्वे मॉडेल करता येईल का? सुरुवात कुठून करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलगा शिकायला बाहेर गेलाय, त्याची खोली रिकामी पडलीय, तिथे डेक्कन क्वीन घाट चढताना दाखवायचीय, त्यासाठी आठ बाय चारचं प्लाय आणायच्या बेतात आहात आणि स्केल एचओ घ्यावं की एन ते ठरत नाहीये. करता येईल, नक्की येईल, पण प्लाय आणायला अजून जाऊ नका.

आठ बाय चारचं टेबल खोलीच्या मधोमध ठेवलं तर चारी बाजूंनी जेमतेम फिरायला जागा उरते, त्यात दार आत उघडणारं असलं तर आणखी पंचाईत. भिंतीला लावून ठेवलं तर मागच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, कारण वाकून आपला हात आरामात जातो तो साधारण अडीच फुटांपर्यंत. आणि गाडी घसरते ती नेमकी तिसऱ्या-चौथ्या फुटावर, तेही बोगद्यात, हे लिहून घ्या. त्यामुळे मधे टेबल नको, भिंतीकडेने दीड ते दोन फूट रुंदीची फळी घ्या, मधे आपण उभं राहायचं. एल आकारात दोन भिंती घेतल्या तरी वीस फुटांच्या आसपास लांबी मिळते आणि खोलीत पाहुण्यांसाठी गादी टाकायला जागा उरते, घरातल्या शांततेच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा. उंची छातीच्या जवळपास ठेवा, चार फूट म्हणा. गाडी वरून बघितली की खेळणं वाटते, डोळ्यासमोरून गेली की गाडी वाटते.

आता स्केल. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. आपला निळा आयसीएफ डबा एकवीस मीटरच्या वर लांब असतो, म्हणजे एचओमध्ये एक डबा साधारण २५ सेंटीमीटरचा झाला. दहा डबे आणि एक इंजिन जोडलं की पावणेतीन मीटर होतात, तुमची अख्खी भिंत आहे तीन मीटरची! इंजिन एका कोपऱ्यात वळत असताना शेवटचा डबा दुसऱ्या कोपऱ्यात, गाडी कुठून निघाली नाही आणि कुठे पोचली नाही. शिवाय हे लांब डबे फूट-सव्वा फूट त्रिज्येच्या वळणावर इतके बाहेर झुलतात की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात. आणि वेग बघा, ताशी १०० किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला ३२ सेंटीमीटर, म्हणजे पूर्ण भिंत नऊ-दहा सेकंदात संपली. आली आणि गेली.

एनमध्ये तोच डबा १४ सेंटीमीटरच्या आत बसतो, वळणं २८ ते ३२ सेंटीमीटर त्रिज्येत नीट होतात. मेनलाइनची लांब गाडीच हवी असेल तर तुमच्या खोलीला एनच बरं. पण भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं मुळात थोडी, त्यात एनमध्ये तर अगदीच कमी, आणि आपलं वय वाढतंय तसतसे डोळे लहान वस्तूंशी भांडायला लागतात हेही धरून चला.

आणखी एक भानगड आहे जी दुकानदार सांगत नाहीत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, एचओचा रूळ मात्र युरोप-अमेरिकेच्या १४३५ साठी केलेला. १:८७ ने आपला ब्रॉडगेज १९ मिलिमीटरच्या वर भरायला हवा, आपण चालवतो १६.५ वर, त्यामुळे आपली गाडी समोरून बघितली की पाय जोडून उभी असल्यासारखी दिसते. बहुतेक लोक चालवून घेतात, मीही घेतलं असतं, पण मग हिशेब करता करता एक मजेदार गोष्ट लक्षात येते. नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा घ्या आणि ८७ ने भागा, उत्तर येतं ८.७६. म्हणजे एनचा ९ मिलिमीटरचा रूळ आणि वर एचओच्या मापाचे डबे, माणसं, घरं, सगळं जवळजवळ तंतोतंत बसतं. या जोडीला एचओई म्हणतात, युरोपात यावर खूप लोक काम करतात, रूळ, पॉइंट (म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे), इंजिनाच्या चासी तयार मिळतात.

आणि ७६२ चा नॅरोगेज म्हटल्यावर आपल्याकडे काय आठवतं, तर बार्शी लाइट! म्हणून माझं प्रामाणिक मत, तुमच्या खोलीत डेक्कन क्वीनपेक्षा बार्शी लाइट जास्त शोभेल. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही लाइन उभी केली, १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, पुढे एकीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत आणि दुसरीकडे लातूरपर्यंत गेली. आता सगळी ब्रॉडगेज झालीय, त्यामुळे मॉडेल करायला आणखी एक कारण. चार-पाच लहान डब्यांची गाडी, एक-दोन मालडबे मधेच जोडलेले, आषाढीला मात्र वारकऱ्यांनी खच्चून भरलेली. असल्या गाडीला स्टेशन लहान, फलाट बुटका, वळणं नऊ इंच त्रिज्येची चालतात. आणि ताशी २५ च्या वेगाने गेली तर मॉडेलमध्ये सेकंदाला फक्त ८ सेंटीमीटर, म्हणजे तुमची तीन मीटरची भिंत ओलांडायला ३७-३८ सेकंद. खोली आहे तेवढीच राहते, गाडी हळू झाली की मोठी वाटायला लागते. माझ्या फळीवर असंच एक काल्पनिक स्टेशन आहे, सोलापूर जिल्ह्यात कुठेही असू शकेल असं, एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला पडद्याआड गाड्या लपवायची जागा. नुसती गोल गोल फिरणारी गाडी पाहुण्यांना पाच मिनिटं आवडते, आपल्याला तेवढीही नाही. स्टेशनात आणायची, इंजिन सोडवायचं, बाजूच्या लाइनने फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, धान्याचा डबा गोदामाला लावायचा, यात संध्याकाळ जाते.

पण तुमचं मन घाटात अडकलंय हे मला कळतंय, कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, लागेपर्यंत वडा खाल्लेल्या प्रत्येकाचं तसंच असतं. तर घाटाचं गणित असं. खरा खंडाळ्याचा घाट, म्हणजेच भोर घाट, ३७ ला १ चढतो, कसाऱ्याचा थळ घाटही तेवढाच. मॉडेलमध्ये हा चढ चालतो, पण एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी एचओमध्ये आठेक सेंटीमीटर तरी उचलावं लागतं, म्हणजे ३७ ने गुणून जवळजवळ तीन मीटर, एक पूर्ण भिंत फक्त चढण्यात गेली. यावर उत्तर घाटातच आहे. १८६३ ला भोर घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याच्या खालच्या अंगाला एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी वर येऊन कड्याच्या टोकाला थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ ला नवीन मार्ग झाला आणि ते स्टेशन गेलं. मॉडेलवाल्यासाठी हे घबाड आहे, कारण एकच भिंत दोनदा वापरता येते, खालचा रूळ पुढे, वरचा रूळ मागे डोंगराला लागून, कुठे ओलांडायची गरजच नाही. सव्वादोन मीटरच्या चढात सहा सेंटीमीटर, परत उलटं जाताना आणखी सहा, बारा सेंटीमीटरचा घाट झाला दीड फुटी फळीवर. फक्त एक अडचण, डेक्कन क्वीन सुरू झाली १९३० ला, म्हणजे ती त्या स्टेशनात कधी गेलीच नाही. राणी हवी की रिव्हर्सिंग ते तुम्ही ठरवा. जीआयपीची, म्हणजे तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, वाफेची इंजिनं आणि चार चाकी डबे तयार मिळणार नाहीत, थ्रीडी प्रिंट करून नाहीतर कार्डशीटचे कापून घ्यावे लागतील, पण डबे आखूड असल्यामुळे सगळं बसतं. माथेरानही लोक करतात, पण तो दोन फुटी गेज, म्हणजे ६१० मिलिमीटर, त्याला ब्रिटिशांचं १:७६ चं स्केल ९ मिलिमीटरच्या रुळावर जास्त जवळ जातं.

सांगाड्यासाठी पाइनच्या पट्ट्यांची फ्रेम आणि वर १२ मिलिमीटरचं चांगलं प्लाय. एमडीएफ स्वस्त पडतं पण पावसाळ्यात फुगतं, कोकणात किंवा मुंबईला असाल तर नावच काढू नका. रुळाखाली कॉर्कची शीट, नाहीतर प्लाय तबल्यासारखं वाजतं. सुतार फळी चार फुटांच्या तुकड्यात करून बोल्टने जोडेल असं बघा, उद्या मुलाला खोली परत लागली तर दारातून बाहेर निघायला हवी.

डोंगर करायला शिकवायची गरज नाही, दिवाळीत किल्ला केलाय ना? तेच. खाली चुरगाळलेले कागद नाहीतर थर्माकोल, वर गोणपाटाऐवजी मेडिकलमध्ये मिळतं ते प्लास्टरचं बँडेज पाण्यात बुडवून पसरायचं, अर्ध्या तासात कडक. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नका, विरघळून खड्डे पडतात. झाडीला घोसाळ्याची वाळलेली जाळी, सुताराकडचा बारीक भुसा रंगवून, बाभळीसाठी वाळक्या काटक्या. ज्वारीच्या शेताला काथ्याचं जाड पायपुसणं कापून चिकटवा, त्यासारखं दुसरं काही नाही.

खडीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इथे इंजिन मरतं. आयात खडीची छोटी पिशवीसुद्धा महाग, म्हणून आपण काळ्या दगडाची क्रशरची भुकटी आणतो, रंगही अगदी आपल्या लाइनचा येतो. ती धुवायची, वाळवायची, आधी पिठाच्या चाळणीने आणि मग चहाच्या गाळणीने चाळायची, मधल्या मापाची ठेवायची. आणि मग एक ताकदवान चुंबक कागदात गुंडाळून त्या ढिगातून फिरवायचा, फिरवून बघाच, केसाळ सुरवंटासारखा होऊन बाहेर येतो. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, ते कण मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि गिअर खातात. कागद काढून झटका, पुन्हा फिरवा, चुंबक स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग खडी रुळात पसरून, रंगाच्या मऊ ब्रशने स्लीपरवरून खाली ढकलून, आधी पाण्याचा बारीक फवारा, आणि त्यावर फेव्हिकॉल-पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचं. तो साबणाचा थेंब नसला तर गोंदाचे मणी होऊन खडीवर लोळतात, आत जात नाहीत. पॉइंटच्या हलत्या भागाला गोंद लागू देऊ नका.

वायरिंगला घाबरू नका. एक इंजिन असेल तर साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर पुरे. वीज रुळांच्या जोडांच्या भरवशावर सोडू नका, ते जोड वर्षभरात काळे पडतात, प्रत्येक तुकड्याला खालून लाल-काळी वायर सोल्डर करा. नॅरोगेजची इंजिनं आखूड असतात, त्यामुळे पॉइंटच्या फ्रॉगचा, म्हणजे दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथला, प्लास्टिकचा तुकडा आला की तिथेच अडून बसतात, म्हणून धातूच्या फ्रॉगचेच पॉइंट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. गाडी वळून त्याच रुळावर उलटी येईल असा लूप टाकलात तर प्लस मायनसला भिडून शॉर्ट होतो, त्यासाठी वेगळं स्विच लागतं, सुरुवातीला टाळा. दोन-तीन इंजिनं झाली की डीसीसी, म्हणजे एकाच रुळावर प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारा डिजिटल कंट्रोल, तेही डीसीसी-ईएक्स नावाच्या ओपन सोर्स प्रोजेक्टने आर्डुइनोच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर स्वस्तात होतं. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत.

इंजिनाला मात्र खर्च आहे. चांगलं इंजिन दहा हजारांच्या आसपास किंवा वर जातं, आणि बाहेरून मागवलं तर कस्टमचा दणका, खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्येच २० वरून ६० टक्के केली होती, ऑर्डर देण्याआधी सध्याचा दर बघून घ्या. कोणी परदेशातून येणार असेल तर त्याच्याशी आतापासून गोड बोला.

आणि हे सगळं आणण्याआधी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या, चालू शो बघताना गाडीकडे कमी आणि वळणं किती मोठी ठेवलीत, बोगद्यात हात कुठून जातो याकडे जास्त बघा. मग घरी येऊन जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून रुळांचा आराखडा खऱ्या मापात खडूने काढा, पॉइंटच्या जागी पुठ्ठे ठेवा. निम्मे बेत तिथेच गळतात आणि ते फुकटात गळतात. उरलेला बेत कसा दिसतोय त्याचं माप आणि दार कुठे आहे ते खाली लिहा, पॉइंट किती लागतील ते सांगतो.