लंडन सिस्टिमची मांडणी काळ्या मोहऱ्यांनीही चालेल का?

तुम्ही विचारलंय की पांढऱ्यांकडून लंडन (बुद्धिबळात डी४ला प्यादं आणि एफ४ला उंट ठेवून ठरलेली मांडणी लावायची ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात) चांगली जमते, तर काळ्यांकडूनही तीच मांडणी लावून एकाच अभ्यासात दोन्ही रंग भागतील का. शिवाय फोंड्याच्या तुमच्या प्रशिक्षकांनी 'लंडन म्हणजे आळशी माणसाची ओपनिंग' म्हणून ती सोडायला सांगितली आहे. आधी त्या वाक्याचं उत्तर देतो, कारण फोंड्यापासून मडगावपर्यंत ते मी फार ऐकलंय आणि ते चूक आहे. १९२२च्या लंडन स्पर्धेवरून नाव पडलेली ही मांडणी २०२३च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहाव्या डावात डिंग लिरेनने नेपोम्नियाचीविरुद्ध खेळली आणि जिंकली. समोरच्याच्या चाली न बघता सात-आठ चाली एका दमात ठोकून देणं आळशीपणाचं आहे, पण तो दोष खेळणाऱ्याचा. तसा खेळाडू सिसिलियनसारखी धारदार ओपनिंगही तशीच खेळेल.

आता काळ्यांचं. मांडणी लागते: प्यादी सी६, डी५, ई६, एच६वर, उंट एफ५वर, घोडे एफ६ आणि डी७वर, दुसरा उंट डी६ किंवा ई७वर. लहान मुलांना शिकवत असाल तर हाताच्या सवयीवर सोडू नका, घरांची नावं पाठ करून घ्या. पांढऱ्यांकडून हा उंट उजव्या हाताला बाहेर पडतो, काळ्यांकडून डाव्या हाताला, आणि मुलं नेमकी तिथे चुकतात.

खरी अडचण बी७च्या प्याद्याची आहे. उंट एफ५वर गेला की बी७ला राखण राहत नाही. (खाली आकड्यानंतर आधी पांढऱ्यांची चाल, मग काळ्यांची; तीन टिंबं म्हणजे फक्त काळ्यांची चाल, x म्हणजे मारणं.) १.डी४ डी५ २.सी४ सी६ ३.घोडा एफ३ घोडा एफ६ ४.घोडा सी३ आणि इथे सवयीने ४...उंट एफ५ खेळलात की ५.सीxडी५ सीxडी५ ६.वजीर बी३. आता ६...वजीर बी६ केलं तर ७.घोडाxडी५ आणि प्यादं गेलं. वजिराने वजीर मारला तर घोडा आधी शह देऊन एफ६चा घोडा घेतो, मग ए-प्याद्याने वजीर परत. ६...बी६ केलं तर ७.ई४ बसते. डी-प्याद्याने ते मारलं की घोडा ई५वर येतो, एफ७वर मारा चालू आणि बी५वरून उंटाचा शह शिल्लक. म्हणून या स्थितीत अनुभवी खेळाडूही उंट मुकाट सी८वर परत नेतात.

पांढऱ्यांकडून हेच दुखणं का होत नाही? १.डी४ डी५ २.उंट एफ४ सी५ ३.ई३ घोडा सी६ ४.सी३ वजीर बी६. इथेही बी२वर नजर आहे, पण डी४च्या पाठीशी सी३ आणि ई३ ही दोन्ही प्यादी उभी आहेत, त्यामुळे ५.वजीर बी३ निर्धास्त खेळता येते. त्यांनी वजीर मारला तर ए-प्याद्याने मारा, हत्तीला ए-पट्टी मोकळी मिळते. ५...सी४ ६.वजीर सी२ उंट एफ५ आलं तर मात्र तो उंट मारू नका, ७...वजीरxबी२ने ए१चा हत्ती जातो. ७.वजीर सी१ खेळा. काळ्यांच्या आवृत्तीत सी-प्यादं मारामारीत गेलेलं असतं आणि ई६ अजून झालेली नसते, म्हणून डी५ लटकतं. एक चाल मागे असण्याची किंमत ती हीच.

तेव्हा काळ्यांकडून खेळताना पांढऱ्यांचा घोडा सी३ला आला असेल तर ४...डीxसी४ ५.ए४ आणि मगच उंट एफ५, पुढे ६.ई३ ई६ ७.उंटxसी४ उंट बी४. त्यांनी ४.ई३ खेळली तर उंट लगेच एफ५वर काढा. ५.घोडा सी३ ई६ ६.घोडा एच४ने उंटाच्या मागे लागतील. उंट जी६वर घ्या, मारला तर एच-प्याद्याने मारा. रेटी आणि इंग्लिश या पांढऱ्यांच्या ओपनिंगविरुद्ध ही मांडणी सगळ्यात गुणी. १९२४ला न्यूयॉर्कमध्ये लास्करने काळ्यांकडून ज्याच्या नावाची ती ओपनिंग त्या खुद्द रेटीला अशाच मांडणीने हरवलं होतं.

१.ई४विरुद्ध कारो-कान बचाव (१...सी६) घ्या. त्यात १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ईxडी५ सीxडी५ ४.उंट डी३ घोडा सी६ ५.सी३ घोडा एफ६ ६.उंट एफ४ अशी स्थिती येते. आता तुमची लंडन लावून बघा: १.डी४ डी५ २.उंट एफ४ सी५ ३.ई३ सीxडी४ ४.ईxडी४ घोडा सी६ ५.सी३ घोडा एफ६ ६.उंट डी३. पट तोच, एका घराचाही फरक नाही. १९७०ला बेलग्रेडमध्ये फिशर-पेट्रोसियन डावात हीच स्थिती होती आणि फिशर जिंकला. ही स्थिती दोन्ही बाजूंनी खेळून बघा. पांढऱ्यांनी ई५च्या घरात घोडा रोवायचा. काळ्यांनी उंट जी४वर काढायचा, वजीर बी३ आला तर वजीर डी७वर नेऊन बी७ राखायचं, आणि पुढे हत्ती बी८ करून बी५-बी४ ढकलायचं. तुमच्या प्रशिक्षकांना हे दाखवा. लंडनवाला दोन्ही रंगांनी जो अभ्यास करू शकतो तो हाच: मोहऱ्यांच्या जागा एकदा पाठ झाल्या की पुढे प्याद्यांच्या रचनेवर काम करायचं. 'आळशी' म्हणणाऱ्यांपैकी किती जण आपल्या विद्यार्थ्यांना एक रचना दोन्ही बाजूंनी खेळायला लावतात, हे त्यांनाच विचारायला हवं.

हे सगळं चालतंच असं मात्र नाही. कारो-कानमध्ये ३.ई५ उंट एफ५ ४.एच४ आलं तर सवयीने ई६ करू नका. ५.जी४ उंट ई४ ६.एफ३ उंट जी६ ७.एच५, उंट गेला. तिथे ४...एच५च. ई५वर प्यादं असलं की घोड्याला एफ६ मिळत नाही, तो बहुधा ई७वरून फिरतो. आणि पांढऱ्यांकडून खेळताना समोरचा जी६ करून उंट जी७वर नेत असेल तर सी३ची मांडणी फिकी पडते. तिथे ३.घोडा सी३ खेळून ई४ची तयारी करा.