बाळाच्या ओठाला टाके की ग्लू? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनबद्दल लिहिताना ‘हल्ली वरून ग्लूही लावतात’ असं एका ओळीत म्हटलं होतं, आणि सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवरच आली. म्हणून यावेळची जागा ग्लूलाच, म्हणजे कातडीच्या जखमेच्या कडा चिकटवणाऱ्या गोंदालाच देतेय.

प्रश्न: माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. डाव्या बाजूचा ओठ पार नाकपुडीपर्यंत दुभंगलाय. एक डॉक्टर म्हणतात टाके घालू, दुसरे म्हणतात आम्ही ग्लू लावतो, टाके काढायची भानगडच नाही. घरात दोन तट पडलेत. मला एकच भीती आहे, बाळ जोरात रडलं आणि ग्लू सुटला तर ओठ परत उघडेल का?
— एक आई, कराड

उत्तर: ताई, ग्लू लावला तरी टाके असतातच, हे आधी घरात सगळ्यांना सांगा, निम्मं भांडण तिथेच मिटेल. ओठ म्हणजे तीन थर. आतून तोंडाच्या बाजूचं ओलं अस्तर, मधे स्नायू आणि वर कातडी. दुभंगलेल्या ओठात तो मधला स्नायू मधोमध जुळलेलाच नसतो, त्याची टोकं चुकीच्या जागी, नाकाच्या बाजूला जाऊन चिकटलेली असतात. सर्जन ती सोडवतात, खाली आणतात, एकमेकांना जोडतात, आणि हे काम विरघळणाऱ्या धाग्याच्या टाक्यांनीच होतं, ग्लूने नाही. आतल्या अस्तरालाही विरघळणारे टाकेच, कारण ओल्या जागी ग्लू चालत नाही. ग्लू फक्त वरच्या कातडीवर, आणि तोही आतल्या टाक्यांनी कडा ताण न येता एकमेकींना टेकल्या असतील तरच. बाळ रडतं तेव्हा जो जोर येतो तो आतले टाके पेलतात, म्हणून आतलं काम भक्कम असेल तर नुसत्या रडण्याने ओठ उघडेल ही भीती मनातून काढा.

थिएटरमधे हे कसं होतं तेही सांगते. कडा चिमट्याने जुळवून धरतात, रक्ताचा थेंबही राहू नये म्हणून गॉजने टिपून कोरडं करतात, नाकपुडीत आणि ओठाच्या कडेला ओघळ जाऊ नये म्हणून आडोसा करतात आणि मग छोट्या ट्यूबमधून जांभळट पातळ ग्लू वरच्यावर फिरवतात. थोडं थांबायचं, वाळलं की परत एक पातळ थर. ग्लू दोन कडांच्या फटीत जाता कामा नये, तिथे गेला तर तोच जखम भरायला आड येतो. ओठाचा लाल भाग आणि कातडी यांच्यामधे एक बारीक उंच पांढरी कड असते, ती एक मिलिमीटरने जरी वरखाली झाली तरी मुलगी मोठी झाल्यावर समोर बसून बोलणाऱ्याला दिसते, त्यामुळे बरेच सर्जन ग्लू वापरणार असले तरी त्या कडेवर एखादा टाका घालतातच, आणि मला ते पटतं.

मग ग्लूचा फायदा काय? नायलॉनचे बारीक टाके पाचसात दिवसांनी काढावे लागतात. तीन-साडेतीन महिन्यांचं बाळ स्थिर राहत नाही, डोकं धरलं की आणखी जोरात रडतं, आणि त्या हलत्या ओठावर केसाएवढ्या धाग्याखाली कात्रीचं टोक घालायचं असतं. कित्येकदा तेवढ्यासाठी परत गुंगीचं औषध किंवा भूल द्यावी लागते. ग्लूमुळे हे टळतं, शिवाय कातडीवर टाक्यांच्या आडव्या खुणा उठत नाहीत, आणि खूप लांबून येणाऱ्या घराची एक फेरी वाचू शकते. पण वरच्या कातडीलाही आपोआप विरघळणारा धागा वापरता येतो, त्यातही काढायचं काही नसतं, हा तिसरा पर्याय तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनच्या जखमांवरचे अभ्यास एकत्र करून 2014 मधे कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला, त्यात जखम उघडण्याचं प्रमाण टाक्यांपेक्षा ग्लूमधे जास्त निघालं, साधारण 43 जखमांमागे एक जास्त. ते आकडे फक्त ओठाचे नाहीत, आणि ओठात आत स्नायूचे टाके असतात हे खरं, पण ग्लू म्हणजे टाक्यांहून भारी असं कुणी सांगत असेल तर तसं नाहीये. तेव्हा ग्लू आहे म्हणून डॉक्टर निवडू नका आणि ग्लू आहे म्हणून सोडूही नका. स्नायू कसा जोडणार, अशा किती बाळांची ऑपरेशन्स केलीत, त्या मुलांचे वर्षभरानंतरचे फोटो बघायला मिळतील का, हे विचारा. चांगले सर्जन अशा प्रश्नांनी चिडत नाहीत.

आणि ऑपरेशनच्या आधी वजनाकडे लक्ष ठेवा. दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास वजन आणि हिमोग्लोबिन दहा, हा जुना ठोकताळा अजून बऱ्याच ठिकाणी पाळतात.

प्रश्न: मॅडम, हा ग्लू म्हणजे फेविक्विकच ना? मग एवढ्याशा जिवाच्या तोंडाला कसा लावतात?
— एक बाबा, नवी मुंबई

उत्तर: घराणं एकच, सायनोअ‍ॅक्रिलेट. 1942 मधे अमेरिकेत कोडॅक कंपनीत हॅरी कूवर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ हाती लागला आणि दिसेल त्याला चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला. पुढे व्हिएतनाम युद्धात सैनिकांचं रक्त थांबवायला त्याचा फवारा वापरला. पण दुकानातल्या ग्लूच्या रेणूची साखळी आखूड, तो चिकटताना जास्त तापतो, लवकर तुटतो आणि तुटताना निघणारी रसायनं पेशींना त्रास देतात. ऑपरेशनचा ग्लू लांब साखळीचा, निर्जंतुक केलेला, कमी तापणारा आणि थोडा लवचिक. या लांब साखळीच्या ग्लूंपैकी ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेत 1998 मधे परवानगी मिळाली. त्यामुळे घरात मुलाला खोक पडली आणि कपाटात फेविक्विक आहे म्हणून कृपा करून लावू नका, डोळ्याजवळ तर अजिबात नाही.

प्रश्न: नातवाचं ओठाचं ऑपरेशन झालं, ग्लू लावलाय. सुनेला डॉक्टरांनी तेल, हळद काही लावू नको सांगितलंय. मी चार मुलं वाढवलीत, साजूक तुपाने जखम मऊ राहते. शिवाय बाळाला पाजायचं कसं? आणि एक विचारते, सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती, त्याने झालं का हे?
— एक आजी, सिन्नर

उत्तर: आजी, तूप, तेल, व्हॅसलीन, मलम, यातलं काहीही त्या ग्लूवर नको. स्निग्ध पदार्थाने तो पापुद्रा मऊ पडून वेळेआधीच सुटतो. हळदही नको. तो पापुद्राच सध्या बाळाची पट्टी आहे. दूध ओघळलं, नाक वाहिलं तर ओल्या स्वच्छ कापसाने टिपायचं, घासायचं नाही. पाच ते दहा दिवसांत कडेने सुटून तो आपला आपण पडतो, एक टोक उचललेलं दिसलं तरी ओढू नका. बाळाचे हात सारखे तोंडाकडे जातात, त्यासाठी डॉक्टरांनी कोपराला पट्ट्या दिल्या असतील तर बाळाची दया येऊन काढून टाकू नका.

पाजायचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी ऑपरेशननंतर लगेच अंगावर पाजू देतात, काही ठिकाणी थोडे दिवस वाटी-चमचा किंवा बोंडलं. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय तेच करा, फक्त चमच्याची कड टाक्यांना लागू देऊ नका. फट दिसली, पू आला, सूज वाढत गेली, ताप आला किंवा रक्त थांबेना तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ग्लू पडल्यावर खाली लाल, जराशी कडक रेघ दिसेल. पहिले दोनतीन महिने ती आणखी लालही होते, ओठ थोडा वर ओढल्यासारखा वाटतो. ऑपरेशन फसलं असं समजू नका, व्रण मऊ आणि फिका व्हायला वर्ष लागतं. तुमचा मालिशचा हात तेव्हा कामाला येईल, डॉक्टरांनी हो म्हटलं की त्या रेघेवर बोटाने हलकं चोळायचं असतं.

आणि ग्रहणाचं. आजी, वरचा ओठ पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. विळीचा, चाकूचा, ग्रहणाचा काही संबंध नाही. जगात साधारण 700 बाळांमागे एक दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मतं, ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही. काही घरांत आनुवंशिकता असते, काही वेळा फिटच्या ठरावीक गोळ्या, सिगारेट अशी कारणं असतात, आणि खूपदा एक असं कारण सापडतच नाही. सुनेने काहीही चुकीचं केलेलं नाही, आणि हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय, माझ्या नाही. पुढचं बाळ हवं असेल तर दिवस राहण्याआधीपासून फोलिक अ‍ॅसिड सुरू करायला सांगा आणि डॉक्टरांना या बाळाबद्दल आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: ग्लूचे वेगळे पैसे मागतायत, परवडत नाही. काय करू?
— एक वाचक, जव्हार

उत्तर: ग्लू नसला तरी ऑपरेशन तितकंच चांगलं होऊ शकतं, त्यासाठी कर्ज काढू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू दोन्ही येतात, 2013 मधे तो सुरूच तुमच्या शेजारी पालघरला झाला. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगून जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवा. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांतही हे ऑपरेशन मोफत होतं. टाळूही दुभंगलेली असेल तर तिचं ऑपरेशन नंतर, साधारण नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, ते चुकवू नका, बोलणं त्यावर अवलंबून असतं.