फुली घासलेले स्क्रू आणि तुटलेले बोल्ट: वाचकांचे प्रश्न

जुन्या मोटरसायकलींबद्दल या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे, स्क्रू निघत नाही. म्हणून हे सदर आम्ही पूर्णपणे त्यालाच दिलं आहे. उत्तरं वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करा: ड्रायव्हर पहिल्यांदा घसरला की तिथेच हात थांबवायचा. एकदा घसरलेल्या स्क्रूला वाचवण्याचे चार-पाच मार्ग असतात, दहा वेळा घसरलेल्याला एखाददुसराच उरतो.

प्रश्न: यामाहा आरएक्स १०० च्या क्लच प्लेटी बदलायच्या आहेत. क्लच कव्हरचे काही स्क्रू निघाले, बाकीच्यांच्या फुल्या घासून गोल झाल्या. स्क्रू ड्रायव्हर नवा आणि चांगल्या कंपनीचा आहे. मग असं का झालं? (सातारा)

उत्तर: ड्रायव्हर चांगला असेल, पण तो या स्क्रूचा नाही. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेल्या आरएक्स १०० वर, आणि त्या पिढीच्या हिरो होंडा, सुझुकी, कावासाकी बजाज गाड्यांवरही, जपानी मापाचे म्हणजे जेआयएस फुलीचे स्क्रू आहेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो फिलिप्स ड्रायव्हर. दोन्ही सारखेच दिसतात. पण फिलिप्सचं टोक जास्त लांब असतं, ते जपानी फुलीच्या तळाला आधी टेकतं आणि चारही पाती भिंतींना नीट भिडतच नाहीत. जोर लावला की ड्रायव्हर वर उचलला जातो आणि जाताना फुलीच्या कडा खरवडून नेतो. बऱ्याच जपानी स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी एक बारीक ठिपका असतो, तीच त्यांची खूण. ठिपका नसला तरी त्या काळातल्या जपानी घराण्याच्या गाडीवर स्क्रू जेआयएसच आहे असं धरून चालावं.

कव्हरचे स्क्रू ६ मिमीचे आहेत, त्यांना ३ नंबरची फुली लागते. ४ आणि ५ मिमीच्या स्क्रूंना २ नंबरची. ६ मिमीच्या स्क्रूत २ नंबरचा ड्रायव्हर घालणं हेच निम्म्या घासलेल्या फुल्यांचं कारण असतं. जेआयएस ड्रायव्हर मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळतात, व्हेसल ही त्यातली जुनी जपानी कंपनी. मिळालाच नाही तर योग्य नंबरच्या फिलिप्सचं टोक ग्राइंडरवर अर्धा मिलिमीटर सपाट करा, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत, म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरणार नाही. बसतो का ते स्क्रूत घालून बघा आणि लागलं तरच आणखी घासा.

आता गोल झालेल्यांचं. फुलीतला चिखल आणि रंग आधी टोकदार सुईने पूर्ण काढा. मग भेदक तेल सोडा. तयार फवारा चालतो, पण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळलं तर ते बारीक फटीत चांगलं उतरतं. ॲसिटोन पेटतं आणि रंग उडवतं, म्हणून थेंब थेंबच टाका आणि जवळ विस्तव नको. तेल सोडल्यावर स्क्रूच्या डोक्यावर जाड पंच ठेवून हातोडीचे दहा-बारा मध्यम ठोके द्या. ठोक्यांनी आट्यांतला गंज तडकतो आणि तेलाला वाट मिळते. रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, हातोडीने मारायचा तो. गाडी मेन स्टँडवर आणि इंजिन चेसीतच असू द्या. सुटं इंजिन बाकावर नाचतं आणि अर्धा ठोका वाया जातो. ड्रायव्हरची दिशा उघडण्याकडे आहे का हे दोनदा तपासा. ३ नंबरचं बिट घाला आणि बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह लॅपिंगची (व्हॉल्व्ह घासून बसवायची) पेस्ट चिमूटभर लावा. तिच्यातले खडे घासलेल्या फुलीतही पकड देतात. बॉडी दाबून, डावीकडे पिळून धरा, म्हणजे आतला ढिलेपणा निघून जातो, आणि किलोभर वजनाच्या हातोडीने एकच सरळ, भरदार ठोका मारा. घाबरत मारलेले पाच हलके ठोके फुली जास्त खराब करतात. ठोक्याने बिट फुलीत खाली दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतं, त्यामुळे ते वर उचललं जाऊ शकत नाही. सगळी युक्ती एवढीच.

तरीही हलला नाही तर उष्णता. गरम होताना ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तापमान १०० अंशांनी वाढलं तर ६ मिमीचं भोक स्क्रूपेक्षा साधारण ७ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जास्त मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण गंजाची पकड सुटायला पुरतं. हॉट एअर गन स्क्रूवर न धरता त्याच्या भोवतीच्या ॲल्युमिनियमवर फिरवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाला की थांबा, कारण जवळच्या रबरी ऑइल सीलना त्याहून फार जास्त उष्णता सोसत नाही. गॅसची ज्योत इथे नको. आणि आधी पेट्रोलची नळी काढून टाकी खाली उतरवा, कॉक बंद केला एवढ्यावर विसंबू नका. तेल आणि ॲसिटोन सोडलेला भागही कापडाने पुसून, पूर्ण उडू देऊन मगच गन लावा.

फुली पूर्णच गेली असेल तर छिन्नी. डोक्याच्या कडेला आधी सरळ मारून एक खाच पाडा, मग छिन्नी तिरकी करून डोकं डावीकडे फिरेल असे ठोके द्या. गोल डोक्याचे स्क्रू याने बहुतेक वेळा सुटतात. तेही नाही जमलं तर ६ मिमीच्या ड्रिलने डोकंच उडवा. फुली आयतीच मध्यभागी असते, ड्रिल भरकटत नाही. तीन-चार मिलिमीटर आत गेलं की डोकं सुटून ड्रिलवर फिरू लागतं. बाकीचे स्क्रू निघाले की कव्हर उतरवा आणि उभा राहिलेला दांडा वाइस ग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पकडीने) धरून फिरवा. तो बऱ्याचदा बोटांनीही फिरतो, कारण घट्ट स्क्रूला फिरू न देणारा जवळपास निम्मा अडथळा डोक्याखालच्या घर्षणाचा असतो आणि डोकं गेलं की तो ताणच संपतो.

कव्हर काढताना मध्ये स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. पॅकिंगच्या जागी एक ओरखडा पडला की तेल कायम झिरपतं. किक काढलेली आहे आणि एकही स्क्रू राहिलेला नाही याची खात्री करा, मग रबरी हातोडीने कडेकडेने ठोका. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर भोकाच्या तळाला टेकतो, डोकं बसत नाही, आणि पुढे पिळलं की इंजिनाचा केस (बाहेरचं कवच) फुटतो.

प्रश्न: मॅग्नेट कव्हरचा स्क्रू पिळताना तुटला. केसच्या तोंडाशी सपाट आहे, धरायला काही नाही. गॅरेजवाला ईझी-आउट वापरू म्हणतो. वापरावा का? (नांदेड)

उत्तर: लगेच नको. ईझी-आउट म्हणजे तुटलेल्या स्क्रूत भोक पाडून त्यात उलटा पिळत घालायचा दांडा. तो फार कडक पोलादाचा आणि म्हणून ठिसूळ असतो. ६ मिमीच्या स्क्रूला बसणारा तर काडीएवढा बारीक. जो स्क्रू डोक्यासकट पिळला असता तुटला, तो या काडीने फिरेल अशी आशा कमीच. ती आत तुटली की साधं ड्रिल तिच्यावर चालत नाही, आणि मग स्पार्क इरोजनचं (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं) मशीन असलेलं वर्कशॉप शोधावं लागतं.

आधी वेल्डिंगवाल्याकडे चौकशी करा. तुटलेल्या स्क्रूवर ६ मिमीचा नट ठेवून नटाच्या आतून वेल्ड भरायचं, लाली गेली की थोडं थांबून नटाला पाना लावायचा. वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि त्या उष्णतेनेच गंज सुटतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर आणि सीडीआय (इग्निशनची इलेक्ट्रॉनिक डबी) काढून ठेवा, टाकी दूर न्या, आणि अर्थ क्लॅम्प केसलाच लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जाणार नाही.

वेल्ड शक्य नसेल तर ड्रिल. इथे खरी अडचण मध्य सापडण्याची आहे. तुटलेलं तोंड वाकडं असतं आणि ड्रिल कडक स्क्रू सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. टर्नरकडून एक छोटी बुश करून घ्या, बाहेरून कव्हरच्या भोकात घट्ट बसणारी आणि आतून ३ मिमी. रिकामं कव्हर जागेवर बसवा, दोन स्क्रूंनी आवळा, बुश घाला आणि तिच्यातून ड्रिल करा. भोक आपोआप मध्यावर येतं. उलट्या पात्याचं ड्रिल मिळालं तर तेच घ्या, ते स्क्रू सुटण्याच्या दिशेनेच फिरतं आणि कधी कधी तुकडा त्यावरच बाहेर येतो. नाही आला तर ४, मग ५ मिमी ड्रिल करा. ६ मिमीच्या आट्याचं टॅपिंगचं भोक ५ मिमीच असतं, त्यामुळे मध्य चुकला नसेल तर उरते ती आट्यांतली पातळ जाळी, टोकदार सुईने ओढून काढता येते.

आटेच गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग. ६ मिमीसाठी ६.३ मिमीचं भोक, किटमधला टॅप (आटे पाडायचं हत्यार), आणि ९ मिमी लांबीची स्प्रिंग. ती तोंडापासून पाव ते अर्धा फेरा खाली बसली पाहिजे, नाहीतर पॅकिंगला टोचते. टॅपला ग्रीस फासा, म्हणजे बुरा त्यालाच चिकटतो, आणि इंजिनाची उघडी तोंडं कापडाने बंद ठेवा.

प्रश्न: येझदीच्या इंजिन कव्हरला सरळ खाचेचे स्क्रू आहेत. खाचा फाकल्या आहेत. (कोल्हापूर)

उत्तर: म्हैसूरला बनलेल्या येझदीच्या या स्क्रूंना फुलीपेक्षा वाचवणं सोपं. बाजारातल्या ड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं असतं, ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतं. पात्याच्या दोन्ही बाजू कानशीने समांतर करा आणि टोक खाचेच्या तळापर्यंत, डोक्याच्या पूर्ण रुंदीत बसेल असं घडवा. फाकलेल्या कडा पंचने हलक्या ठोकून आत घ्या आणि हॅक्सॉने खाच एक मिलिमीटर खोल करा. ज्याच्या दांड्याला पाना लावायला षटकोन आहे असा ड्रायव्हर घ्या. एक हात वरून पूर्ण भार देणार, दुसरा पाना फिरवणार. इम्पॅक्ट ड्रायव्हरला सरळ बिटही मिळतं.

प्रश्न: कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू हलत नाहीत. गॅसवर तापवू का? (नाशिक)

उत्तर: अजिबात नाही. कार्बोरेटरची बॉडी बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची असते, ती चारशे अंशांच्या आतच वितळते, आणि आत पेट्रोल मुरलेलं असतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरही नको, पातळ कान तुटतात. या ४ मिमीच्या स्क्रूंचं डोकं वर उठलेलं असतं, म्हणून बारीक तोंडाचा वाइस ग्रिप आडवा लावून कडेने धरा. आधी पेट्रोल ओतून टाका, कार्बोरेटर वाऱ्यावर वाळवा, मग स्टोव्हपासून दूर, उकळून आणलेल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा आणि गरम असतानाच फिरवा. नवे घालताना ॲलन डोक्याचे घ्या.

प्रश्न: डिस्क ब्रेकच्या तेलाच्या डबीचे दोन स्क्रू गोल झाले. (पनवेल)

उत्तर: हे चपट्या, आत बुडालेल्या डोक्याचे आहेत, कडेने धरता येत नाहीत. पंचने डोक्याच्या मध्यावर दोन-तीन ठोके द्या, बिटाला लॅपिंग पेस्ट लावा आणि जेआयएस २ नंबर वापरा. नाही जमलं तर ४ मिमी ड्रिलने डोकं उडवा, झाकण निघाल्यावर दांडा धरता येतो. टाकीवर ओलं फडकं अंथरा, ब्रेक ऑइल रंग खातं. लोखंडाचा बुरा डबीत गेला असेल तर सगळं तेल बदला.

प्रश्न: सगळे स्क्रू काढून स्टेनलेसचे ॲलन बोल्ट घातले. दोन पावसाळ्यांनी तेही अडकले. स्टेनलेस गंजत नाही ना? (रत्नागिरी)

उत्तर: बोल्ट गंजला नाही, त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम गंजलं. दोन वेगळे धातू खारट ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगते आणि बोल्ट आवळते. किनाऱ्यावर हे दुपटीने लक्षात ठेवायला हवं. स्टेनलेस घालायचेच तर प्रत्येक बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी) पेस्ट लावा. साधे झिंक प्लेटिंगचे बोल्ट पेस्ट लावून घातले तर आमच्या मते तेच बरे, बिघडले तर स्वस्तात बदलता येतात.

पेस्टमुळे बोल्ट सहज फिरतो, म्हणून हात आवरा. ॲल्युमिनियममध्ये ६ मिमीच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर एवढा पीळ पुरतो, पेस्ट असताना ७-८. ॲलन कीच्या लांब बाजूने जोर लावला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून ॲलन की आखूड बाजूने धरा. बोल्ट केसमध्ये किमान ९ ते १२ मिमी उतरला पाहिजे. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

प्रश्न: जुन्या बुलेटच्या टायमिंग कव्हरला ६ मिमीचा नवा स्क्रू हाताने सहज गेला, पण आवळताना फिरतच राहिला. (जळगाव)

उत्तर: ते भोक ६ मिमीचं नाही. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापं आहेत, तिथे पाव इंची, इंचाला २६ आट्यांचा स्क्रू लागतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, आणि २६ आट्यांचं अंतर ०.९७७ मिमी. मेट्रिक स्क्रूचं अंतर १ मिमी. फरक इतका थोडा की स्क्रू आत जातो, पण आटे टोकाटोकांनीच अडकतात आणि आवळताना केसचे मऊ आटे सोलून निघतात. भोकाला अजून थोडेही आटे असतील तर पाव इंची बीएसएफ (ब्रिटिश बारीक आट्यांच्या मापाचा) टॅप हाताने एकदा फिरवून आटे साफ करा आणि मूळ मापाचा स्क्रू घाला. आटे सोललेच असतील तर टर्नरला थ्रेड गेजने शेजारचं चांगलं भोक मोजायला लावा आणि त्याच मापाचं हेलिकॉइल बसवून घ्या. एकाच कव्हरला काही इंची, काही मेट्रिक असं होऊ देऊ नका, पुढच्या वेळी उघडणारा माणूस स्क्रू अदलाबदल करून उरलेली भोकंही घालवेल.