जपानमधलं वर्ष आणि आठवड्याचे एकोणीस तास

प्रश्न: माझं वय २९. सात वर्षं एका कंपनीच्या लेखा विभागात आहे. संध्याकाळचे वर्ग करून जपानीची एन-४ परीक्षा पास झाले (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड). आता येत्या एप्रिलपासून वर्षभर टोकियोच्या भाषाशाळेत जायचं मनात आहे. सगळे आकडे येनमध्ये देते: पगार महिना १.८ लाख, त्यातले ३० हजार आईला, ९० हजार माझा खर्च, ६० हजार शिल्लक. जमा २४ लाख, निम्मे मुदत ठेवीत, निम्मे इक्विटी फंडात. भविष्य निर्वाह निधीत आणखी १० लाख आहेत. फी ८ लाख, राहणं-खाणं १५.६ लाख, विमान १ लाख. तिथे अर्धवेळ काम करून महिना लाखभर मिळाले तर १२ लाख सुटतील आणि निम्मी बचत शाबूत राहील. नोकरी सोडावी लागेल. जाऊ का?

उत्तर: जा. पण एप्रिलमध्ये नको, आणि या हिशोबावर तर नकोच.

तुम्ही आकडे येनमध्ये मांडलेत ते फार बरं केलंत. खर्च ज्या चलनात होणार त्याच चलनात विचार केला की भ्रम कमी होतात. तरीही यादीतून तीन गोष्टी सुटल्या आहेत. आईचे ३० हजार तुम्ही परदेशी असतानाही द्यायचेच आहेत, म्हणजे ३.६ लाख. परत आल्यावर नोकरी मिळेपर्यंत चार महिने धरा, तुमचा आणि आईचा मिळून ४.८ लाख. आणि टोकियोत खोली घेणं हे नुसतं भाडं नसतं. अनामत (तिकडे तिला ‘शिकिकिन’ म्हणतात), घरमालकाला द्यायची आणि परत न मिळणारी ‘रेइकिन’, हमी देणाऱ्या कंपनीचं शुल्क, एजंटाचं कमिशन, गादी-पांघरूण, भांडी. विमानासकट ३ लाख तरी बाजूला ठेवा.

बेरीज ३५ लाख येते. तुमचे कामाचे १२ लाख जसेच्या तसे मिळाले तरी २३ लाख जातात, हातात उरतो एक लाख. कामातून निम्मेच मिळाले तर ५ लाख कमी पडतात आणि ते निर्वाह निधीतून निघतात. तो निधी मोडायला माझा स्पष्ट विरोध आहे. २९ व्या वर्षी काढलेल्या पैशाची किंमत साठाव्या वर्षी कळते, आणि तेव्हा तो पुन्हा भरता येत नाही.

आता कामाच्या तासांकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. विद्यार्थी व्हिसावर वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं, शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत. परवानगीचा अर्ज उतरल्या उतरल्या विमानतळावरच देता येतो. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे, म्हणजे लाखभर कमवायला आठवड्याला १९ तास लागतील. नियमात बसतं. पण शाळेचं बघा. भाषाशाळेच्या वर्षाला साधारण ७६० तासिका असतात, आठवड्याला वीस, आणि एक तासिका ४५ मिनिटांची. घड्याळाने मोजलं तर आठवड्याला १५ तास, वर्षाला ५७०. म्हणजे ज्या भाषेसाठी पगार सोडून जाताय, तिच्यापेक्षा जास्त वेळ तुम्ही दुकानाच्या काउंटरमागे किंवा डबे भरण्यात घालवणार.

८ लाख फी भागिले ५७० तास: वर्गातला एक तास तुम्हाला सुमारे १,४०० येनला पडतो. कामाचा एक तास १,२२६ देतो. कामाने थकून वर्गात डुलकी लागली तर तुम्ही महाग वस्तू टाकून स्वस्त वस्तू उचललीत. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका मुलाने परत आल्यावर त्याची वही दाखवली होती. डाव्या पानावर कामाच्या पाळ्या, उजव्या पानावर त्या आठवड्याच्या कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं) चाचणीचे गुण. रात्रपाळी सुरू झाली त्या आठवड्यापासून उजवं पान आधी विरळ झालं, मग कोरंच राहिलं. कमाईची बेरीज मात्र शेवटपर्यंत नीट लिहिलेली. ती वही पाहून मला फार वाईट वाटलं, कारण तो आळशी नव्हता. त्याचा हिशोबच असा होता की काम सोडलं तर भाडं थकलं असतं. शिवाय हजेरी घसरली की व्हिसाची मुदत वाढवताना तीच आडवी येते.

म्हणून माझी अट एकच. कामाचे पैसे शून्य धरून वर्ष निभावता आलं पाहिजे. मग हवं तर आठवड्याला दहा-बारा तास काम करा, आणि तेही जिथे गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं तिथे. ते कामही शिकवणीच ठरतं.

हे साधायला दोन बदल सुचवतो. पहिला, शहर. टोकियोऐवजी दक्षिण जपानमधल्या फुकुओका शहराचा विचार करा. शाळेच्या वसतिगृहात राहिलात तर महिना एक लाखात भागवता यावं. दुसरा, ऑक्टोबरची तुकडी. शाळा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार वेळा प्रवेश देतात, त्यातले एप्रिल आणि ऑक्टोबर मोठे. सहा महिने थांबलात तर आणखी ३.६ लाख साठतात, जमा २७.६ लाख होते. फुकुओकाचा माझा अंदाज असा: फी ७.५, राहणं-खाणं १२, प्रवास आणि सुरुवातीचा खर्च २, आई ३.६, परतल्यावरचे चार महिने ४.८. एकूण २९.९ लाख. अजून २.३ लाखांची तूट आहे. ती भरायची जागा तुमच्या ऑफिसात आहे.

नोकरी सोडण्याआधी बिनपगारी वर्षाची रजा मागा, लेखी मागा. सात वर्षं नीट काम केलेल्या माणसाला सरळ नकार देणं वरिष्ठांनाही जड जातं. रजा मिळाली तर परतल्यावर एक महिन्याची तजवीज पुरे, ३.६ लाख सुटतात, खर्च २६.३ लाखांवर येतो, आणि एक तासही काम न करता वर्ष पार पडतं. नाहीच मिळाली, तर तिथे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून आठवड्याला बारा तास काम करून तूट भरते. त्याहून जास्त नाही.

या सहा महिन्यांत एन-३ हातात घ्या. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. तुम्ही जुलैची द्या. कारण उघड आहे: एन-४ वर गेलात तर फीचा बराचसा भाग इथे स्वस्तात शिकता येण्यासारख्या धड्यांवर खर्च होईल. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी जपानीला २,२०० तास धरले आहेत आणि तुम्ही ५७० विकत घेताय. मात्र मराठी माणसाला एक फायदा आहे. ‘मी स्टेशनवर मैत्रिणीची वाट पाहते’ याचं जपानी ‘वाताशि वा एकि दे तोमोदाचि ओ माचिमास’. शब्दांचा क्रम तोच, आणि ‘स्टेशनवर’मधल्या ‘वर’सारखा ‘दे’ नामाच्या मागेच लागतो. त्यांची आ-का-सा-ता-ना अशी वर्णमालासुद्धा भारतीय वर्णक्रमावरूनच बसवलेली आहे. व्याकरण तुम्हाला छळणार नाही, कांजी छळेल. रोजच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत, आणि त्या घोटायला लागतो तो रिकामा, झोप झालेला वेळ.

या वर्षाचं पुढे काय होणार? तुमच्या क्षेत्रातल्या, जपानी मागणाऱ्या वीस जाहिराती काढा आणि कोणती पातळी मागितली आहे ते लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी एन-२ दिसेल असा माझा अंदाज आहे. नुसत्या भाषेला पगार फारसा चढत नाही, लेखा विभागातला सात वर्षांचा अनुभव अधिक एन-२ याला चढतो. ऑक्टोबरला गेलात तर पुढच्या जुलैत एन-२ देता येते आणि निकाल ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे परतण्याआधी, हातात येतो. ऑक्टोबरचे अभ्यासक्रम पुष्कळदा दीड वर्षाचे असतात, तेव्हा वर्षानंतर निघता येतं का आणि उरलेल्या फीचं काय, हे प्रवेशाआधी शाळेकडून लेखी घ्या. शाळा निवडताना एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याखाली तिला शिक्षण मंत्रालयाची मान्यता मिळाली आहे का, तेही तपासा.

पैसे हलवण्याबद्दल. वर्षाच्या आत लागणारी रक्कम इक्विटी फंडात ठेवू नका. ते १२ लाख आत्तापासून दोन-तीन हप्त्यांत काढून मुदत ठेवीत आणा. येनही एकदम घेऊ नका. जुलै २०२४ च्या सुरुवातीला एका डॉलरला १६० हून जास्त येन मिळत होते, ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात १४२ च्या आसपास. महिन्याभरात तुमचा जवळजवळ दीड महिन्याचा खर्च वाढला असता. व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीओई म्हणतात, ते शाळा बहुधा पहिली फी जमा झाल्यावरच पाठवते. तेवढे येन त्यासाठी, बाकीचे महिन्या-दोन महिन्यांनी.

तिथे पोचल्यावर नगरपालिकेत पत्त्याची नोंद करताना राष्ट्रीय आरोग्य विमाही घ्यावाच लागतो. उपचारांचे ३० टक्के तुम्ही भरता. आधी जपानमध्ये उत्पन्न नसल्याने पहिल्या वर्षीचा हप्ता हलका असतो. वीस ते साठ वयाच्या रहिवाशांना राष्ट्रीय पेन्शनही लागू आहे, महिना १७ हजारांहून जास्त. त्याच खिडकीवर सवलतीचा अर्ज मागा. पेन्शनची पत्रं कळत नाहीत म्हणून ड्रॉवरमध्ये टाकू नका.

आणि आई. तिच्या नावाचे ३.६ लाख निघण्यापूर्वीच वेगळ्या खात्यात टाका आणि दरमहा आपोआप जातील अशी सूचना बँकेला द्या, म्हणजे तिकडे हात आखडला तरी तिचा महिना चुकणार नाही. तिचा आरोग्य विमा तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत असेल तर राजीनाम्याबरोबर तो जाईल. रजा मागण्याच्या अर्जाआधी हे मनुष्यबळ विभागात विचारून घ्या, आणि दोन्हींचं उत्तर आलं की मला कळवा. येन कोणत्या महिन्यात किती घ्यायचे ते मी तारखांसकट मांडून देतो.