'विवश' म्हणजे प्रेमात बुडालेली नव्हे

प्रश्न : इंग्रजी डार्क रोमान्स कादंबऱ्यांची मराठीत ओळख करून देताना 'नायिका नायकाच्या प्रेमात विवश होते' असं लिहिलेलं दिसतं. विवश म्हणजे आसक्त का? आणि 'डार्क रोमान्स'ला मराठी शब्द कोणता?

उत्तर : आसक्त नव्हे. हा वापर इतक्यांदा कानावर येतो की आता संताप येतो. हिंदीवर खापर फोडायचीही सोय नाही, कारण हिंदीतही विवश म्हणजे नाइलाज झालेला. चूक आपलीच आहे आणि ती किरकोळ नाही. डार्क रोमान्समध्ये नायक माफियाचा म्होरक्या असतो, अपहरण करणारा असतो, नाहीतर पाळत ठेवणारा. पैसा, शस्त्र, दाराची किल्ली सगळं त्याच्याकडे. तिच्याकडे होकार आणि नकार, एवढंच. तिची इच्छा होती की नव्हती, यावर सगळी कथा उभी असते आणि नेमकं तेच हा चुकीचा शब्द पुसून टाकतो.

लाचार, अगतिक हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून मुळाकडे येतो. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, 'वश कान्तौ' असा धातू आहे. कान्ति म्हणजे इथे तेज नव्हे. कम् धातूवरून आलेली कान्ति, म्हणजे इच्छा. वश् म्हणजे इच्छिणे! त्याची रूपं वष्टि, उशन्ति. कठोपनिषदाचा पहिलाच शब्द 'उशन्' : फळाची इच्छा धरून वाजश्रवसाने सर्वस्व देऊन टाकलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 71व्या सूक्तात वाणी एखाद्यालाच आपलं रूप कसं उलगडून दाखवते, ते सांगताना उपमा येते : 'जायेव पत्य उशती सुवासाः'. स्वतःच्या ओढीने, सुंदर वस्त्रं लेऊन पतीकडे येणारी पत्नी. ही 'उशती' वश् धातूचीच लेक. इथे इच्छा तिची आहे, तिला कोणी आणलेलं नाही.

मग 'वश'ला ताब्याचा अर्थ कुठून आला? माझं ठाम मत असं की दुसऱ्याची इच्छा आपल्या इच्छेच्या जागी येऊन बसली की तोच ताबा. गीतेत (9.8) 'भूतग्राममिमं कृत्स्नमवशं प्रकृतेर्वशात्' म्हटलंय. भूतं, म्हणजे सगळे जीव, अवश, कारण वश, म्हणजे इच्छा, प्रकृतीची. एकाच चरणात एकाची इच्छा गेली आणि दुसऱ्याची चालली. ज्या कोशांत 'वश'पुढे नुसतं 'अधीन, ताब्यातला' लिहून विषय संपवलाय, त्यांनी शब्दाचा अर्धा जीव काढून घेतला आहे.

संस्कृत वश् आणि ग्रीक 'हेकॉन' यांचं मूळ एकच. हेकॉन म्हणजे स्वेच्छेने वागणारा; त्याच्या उलट 'आएकॉन', म्हणजे आपला 'अवश'. याच जोडीवर ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात विचार केलाय. आईबाप आणि मुलं ताब्यात ठेवून जुलमी राजाने एखाद्याकडून लाजिरवाणं काम करवून घेतलं, तर ते स्वेच्छेचं म्हणायचं का? तो अशा कृतीला मिश्र म्हणतो, पण स्वेच्छेकडे झुकणारी. मला हे साफ नामंजूर आहे. धाकाखाली दिलेला होकार आपली भाषा 'उशती'च्या रांगेत बसवत नाही. त्याला ती अवश म्हणते, विवश म्हणते.

काही पंडित 'वि' म्हणजे 'विशेष' धरून विवश म्हणजे 'अगदी वश' असं सांगतात. विफल म्हणजे मग भरपूर फळं आलेला का? इथे 'वि' गेलेपणाचा आहे, स्वतःचा वश गेला तो विवश. अमरकोश तर 'विवशोऽरिष्टदुष्टधीः' म्हणतो : मरणाची चिन्हं दिसल्याने ज्याची बुद्धी बिघडली, तो. यात प्रेम कुठे आहे?

क्रियापदंही नीट पाहा. 'त्याने तिला वश केलं' यात कर्ता तो, 'ती त्याला वश झाली' यात ती. अशोकवनातली सीता परवश आहे, पण रावणाला वश झालेली नाही. एवढा फरक मराठी दोन शब्दांत दाखवते, तो परिचय लिहिणाऱ्यांनी का गमवावा? तिला तो हवासा वाटत असेल तर 'भाळली' लिहा, झुकली असेल तर 'वश झाली', गत्यंतर नसेल तरच 'विवश'.

'डार्क रोमान्स' तसंच राहू द्या. 'काळा' म्हटलं की मराठीत काळा बाजार आणि काळा पैसा आठवतो. आणि 'वशिला' या चर्चेत कृपया आणू नका. तो अरबी 'वसीला', म्हणजे साधन. त्याचा 'वश'शी काडीचा संबंध नाही.