गुडघा त्याचा, घाई तुमची

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, कबड्डीत चढाईपटू. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडणारं लिगामेंट, तुटलं, चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात जिल्हा निवड चाचणी आहे, पण फिजिओ नको म्हणतात. खेळाडू कोट्याची संधी घालवायची का? आम्हीही दुखऱ्या गुडघ्यांनी खेळलो. आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो, एवढंच.
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : ‘एवढंच’? मी तिथेच अडखळलो. जे गुडघे तुम्हाला आज कठडा धरायला लावतात, त्यांचाच दाखला देऊन तुम्ही मुलाला मॅटवर उतरवताय. मुलगा काय म्हणतो, हे मात्र पत्रात कुठेच नाही. त्याला विचारलंत तरी का? की तुमची राहून गेलेली चढाई त्याने पुरी करायची आहे?

‘ऑपरेशन झालं, गुडघा पहिल्यासारखा झाला’ ही समजूत आधी काढून टाका. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बहुधा रुग्णाच्याच पायातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, बसवतात. ती रुजायला वेळ लागतो. पाय मोकळा वाटू लागतो तेव्हाही ती आतून कच्चीच असते. म्हणून निदान नऊ महिने आणि दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाल्याशिवाय अशा खेळात परतू नये. चौथ्या-पाचव्या महिन्यात कोणी घोटा धरला, अंग वळलं आणि पाय तिथेच राहिला, तर पुन्हा ऑपरेशन टेबल. शिवाय लिगामेंट नवं बसलं तरी कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला) आणि दोन हाडांमधल्या गादीला लागलेला मार तसाच राहतो. एसीएल किंवा गादी फाटलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या गुडघ्यात १० ते २० वर्षांत झीज दिसते. तुमचा मुलगा तेव्हा तिशीच्या आसपास असेल.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, खरं. पण निवड चाचणी म्हणजे पदक नव्हे. आणि डोळ्यांसमोर पोलीस भरती असेल, तर तिथे १६०० मीटर धावायचं असतं. तेही याच गुडघ्यावर.

खेळाशी जोडलेल्या दुसऱ्या वाटाही आहेत. बीपीएड या शारीरिक शिक्षणाच्या पदवीची सीईटी, नीटमधून फिजिओथेरपी, पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा, हे सगळं त्याची बारावी झाल्यावर बोलू.

यंदा चाचणीला नाव देऊ नका. कबड्डी कायमची सोड, असं मी त्याला सांगणार नाही. ते फिजिओ आणि तो ठरवतील. पुढचं पत्र त्याला लिहू द्या आणि न वाचता पाठवा. तुमचे गुडघेही एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना त्याला सोबत न्या, तुमचा एक्स-रे त्यालाही बघू दे.